चुकलेल्या पंचाची दोन जून

नीलिमावहिनींचा फोन आला तेव्हा मी कोलोनच्या न्यायालयात एका घटस्फोटाचं भाषांतर करत होतो. नवरा मराठीत काहीतरी भयंकर बोलत होता आणि मी ते जर्मनमध्ये जरा सुसह्य करून सांगत होतो. दुभाष्याने हे करायचं नसतं, पण वय वाढतं तसा मोह होतो. खिशात फोन थरथरला, थांबला, पुन्हा थरथरला. मधल्या सुटीत बाहेर येऊन बघितलं तर शेवटी त्यांनी संदेश ठेवला होता. ‘भाऊजी, हे गेले. सकाळी, चहा घेताना. तुम्ही या.’ मी परत आत जाऊन न्यायाधीशबाईंना कारण सांगितलं, त्यांनी दिलगिरी व्यक्त करून पुढची तारीख दिली, आणि मी बॉनची गाडी पकडली. गाडी वेळेवर होती. एरवी ती वेळेवर नसते, आणि नसली की अवी मला फोन करून म्हणायचा, “ही बघ तुझी जर्मन शिस्त.” फोन हातात धरून मी त्याच्याच फोनची वाट बघतोय, हे वाटेतल्या ब्र्यूल स्टेशनच्या आसपास माझ्या लक्षात आलं.

अवी म्हणजे अविनाश खांबेटे. मूळचा मिरजेचा. आखेनला आम्ही एकाच वेळी शिकायला आलो, एकाच मजल्यावर राहिलो आणि एकच कुकर वापरला. तो यंत्राचा इंजिनिअर झाला. पंपांच्या एका कारखान्यात त्याने उभी नोकरी काढली. मी इंजिनिअर होता होता दुभाष्या झालो. तो ज्यासाठी ओळखला जायचा ते मात्र वेगळंच होतं. आमच्या वसतिगृहामागे एक बेसबॉलचं मैदान होतं. क्रिकेटवर वाढलेल्या मराठी मुलाने बेसबॉलकडे बघून जे तोंड करायचं असतं ते मी केलं. अवी मात्र कुंपणाला टेकून बघत राहिला, आणि दुसऱ्या उन्हाळ्यापर्यंत तिथल्या फेराइनचा, म्हणजे क्लबाचा, सभासद झाला. त्याला खेळता येत नव्हतं. चेंडू फेकला की तो शेजारच्या टेनिसवाल्यांकडे जायचा. पण या देशात प्रत्येक फेराइनला पंच हवे असतात आणि पंच व्हायला कुणीही तयार नसतं. अवी तयार झाला. त्याने रीतसर वर्ग केला, परीक्षा दिली, परवाना घेतला, आणि पुढे जन्मभर शनिवार-रविवारी छातीवर उशीसारखं कवच बांधून तो कॅचरच्या, म्हणजे तिथल्या यष्टिरक्षकाच्या, मागे ओणवा उभा राहिला.

बेसबॉल कळत नसलेल्या वाचकांनी घाबरू नये, मलाही फार कळत नाही. एक गोष्ट अवीने मला पहिल्या वर्षीच सांगितली होती. “क्रिकेटमध्ये धाव म्हणजे इकडून तिकडे जाणं. इथे तीन बेसना, म्हणजे तीन थांब्यांना, शिवून जिथून निघालास तिथेच फिरून परत आलास तरच धाव. त्या जागेला म्हणतातच घर.” परदेशातल्या मराठी लोकांपुढे असं काही बोललं की दोघं-तिघं लगेच डोळे पुसायला लागतात. इथल्या मराठी मंडळाच्या एका कार्यक्रमात तसं झालंही. तेव्हापासून अवीने ते वाक्य बंद केलं. घर म्हणजे रबराचा एक पांढरा पाचकोनी तुकडा असतो. त्याच्यावर सारखी धूळ बसते आणि ती झाडायला पंचाच्या खिशात तळहाताएवढा ब्रश असतो. झाडण्याचीही एक रीत आहे. पंच आधी घराला वळसा घालून पुढच्या बाजूला जातो आणि मग वाकतो, म्हणजे पाठ मैदानाकडे होते, प्रेक्षकांकडे होत नाही. अवी जुना झालेला एक ब्रश घरी वापरायचा. गॅसशेजारी खिळ्याला तो टांगलेला असे. जेवणं झाली की टेबलावरचे पोळीचे कण झाडायला तो उठे, पाहुण्यांना पाठ नको म्हणून अख्ख्या टेबलाला वळसा घाली, आणि वहिनी म्हणत, “अहो, बसल्या जागेवरून हात पोचतो.” त्यांना तो ब्रश जेवणाच्या टेबलावर अजिबात चालत नसे. तो काही ऐकत नसे.

आणि दर वर्षी दोन जूनला तो आम्हाला जेवायला बोलवायचा. आम्ही म्हणजे मी आणि मंडळातली तीन-चार कुटुंबं. या जेवणाला ‘खांबेट्यांची बेसबॉल जयंती’ असं नाव पडलं होतं. जयंती तिथीने करायची की तारखेने यावरून भांडणारी आम्ही माणसं. ही तारखेने होते एवढ्यावर सगळे खूश असत. श्पार्गलचा, म्हणजे इथल्या पांढऱ्या शतावरीचा, हंगाम संपत आलेला असे. वहिनी तिची दाण्याचं कूट घालून भाजी करत. कुणा जर्मन माणसाला दाखवू नये अशी, आणि फार चांगली. मग अवी त्या तारखेला बेसबॉलमध्ये काय काय घडलं ते सांगायचा. खेळाडूंची नावं मात्र कधीच सांगायचा नाही. “नावं सांगितली की तुम्ही नावंच धरून बसता.” एका वर्षी दोन जूनला एका मोठ्या संघाचा पहिल्या बेसवरचा नेहमीचा खेळाडू बाहेर बसला. डोकं दुखत होतं म्हणतात, जाणकार म्हणतात नुसता सूर हरवला होता. त्याच्या जागी एक तरुण उभा राहिला आणि पुढे कित्येक वर्षं एकही सामना न चुकवता तिथेच उभा राहिला. बाहेर बसलेल्याला ती जागा पुन्हा मिळाली नाही. काही वर्षांनी दोन जूनलाच त्या काळातला सगळ्यांत मोठा फलंदाज, पोट सुटलेला, जुना संघ सोडून भलत्याच संघात गेलेला, मालकाशी भांडून निवृत्त झाला. “एवढा मोठा माणूस, आणि गेला कसा, तर रुसून,” अवी म्हणायचा. आणि तो एकही सामना न चुकवलेला तरुण, ज्याच्या अंगातलं बळ एका आजाराने थेंबाथेंबाने काढून घेतलं, तो वारलाही दोन जूनलाच.

चौथी गोष्ट नंतरची, आपल्या काळातली. एका गोलंदाजाने सामनाभर एकाही फलंदाजाला बेसवर पाय ठेवू दिला नव्हता. आता शेवटचा फलंदाज. तोही स्पष्ट बाद होता, पण पहिल्या बेसवरच्या पंचाने हात आडवे पसरले, म्हणजे नाबाद. सेफ. शतकात मोजक्या लोकांना जमलेली गोष्ट एका चुकीच्या हाताने गेली. सामन्यानंतर पंचाने चित्रफीत पाहिली, गोलंदाजाला गाठलं आणि रडत सांगितलं, चुकलो. दुसऱ्या दिवशी खेळणाऱ्यांची नावं लिहिलेला संघाचा कागद पंचाला द्यायला मैदानात तो गोलंदाजच आला. पंचाने डोळे पुसले, त्याच्या खांद्यावर थाप मारली आणि खेळ सुरू झाला. अवी ही गोष्ट सांगायला लागला की टेबलावर वाटीसुद्धा वाजत नसे. शेवटी कुणीतरी म्हणायचं, “आपल्याकडचे पंच कधी मागतील का माफी?” आणि गाडी क्रिकेटवर जायची.

पुढे एका वर्षी त्याने ही चौथी गोष्ट सांगणं बंद केलं. का, ते मला माहीत होतं. त्या सामन्याला मी प्रेक्षकांत होतो.

सप्टेंबर होता. राइनकाठच्या एका लहान गावचा संघ वरच्या गटात टिकायला धडपडत होता; हा सामना हरले तर खाली जाणार. त्यांचा एक पोरगेला सुतार, योनास त्याचं नाव, तिसऱ्या बेसवरून घराकडे सुटला. चेंडूही त्याच वेळी आला. योनास घसरत आला, कॅचर त्याच्यावर पडला, धूळ उडाली आणि अवीची मूठ वर गेली. आउट. सामना संपला. योनास उठला, कपडे न झटकता अवीसमोर उभा राहून एवढंच म्हणाला, “मी आत होतो.” मग वाहनतळावर कुणाच्या तरी वडिलांनी फोनवर चित्रफीत दाखवली. कॅचरच्या हातमोज्यातून चेंडू निसटून गवतावर गेला होता आणि त्याने तो हळूच पुन्हा उचलला होता; चेंडू सुटला की बाद नाही. अवी ज्या बाजूला उभा होता तिथून ते दिसणं शक्य नव्हतं. त्या बाजूला उभं राहणं, हीच त्याची चूक.

तो तसाच कवच बांधलेला क्लबघरात गेला. मी मागे. त्यांच्या अध्यक्षांना तो म्हणाला, “माझं चुकलं. तो सेफ होता.” अध्यक्ष भला माणूस. त्यांनी अवीच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, “टाटझाखेनएंटशायडुंग, खांबेटेसाहेब.” हा शब्द उच्चारायला जड असला तरी अर्थ सोपा आहे. पंचाने मैदानावर जे ठरवलं तेच घडलं असं धरायचं. त्यावर दाद नाही, चर्चा नाही. मग त्यांनी त्याच्या हातात बिअर दिली. तो ती घेऊन उभा राहिला. आजूबाजूला खाली गेलेल्या संघाची माणसं खुर्च्या आवरत होती आणि प्रत्येक जण येता-जाता त्याला, असू द्या, असू द्या म्हणत होता. योनास तिथे नव्हता.

परतताना गाडी मी चालवत होतो. तो म्हणाला, “त्यांनी मला बिअर दिली रे.”

“मग काय शिव्या द्यायच्या?”

“हो.”

“अवी, खेळ आहे तो.”

त्याने माझ्याकडे असं बघितलं की मी रेडिओ लावला.

त्या हिवाळ्यात त्याने ही गोष्ट बहुतेक सगळ्यांना सांगून पाहिली. मंडळात सगळे हसले. “अहो खांबेटे, आपल्या पंचांनी काय काय दिवे लावलेत, तुमचं काय घेऊन बसलात!” लेक ईरा जर्मनमध्ये म्हणाली, बाबा, नियम तुझ्या बाजूने आहे. कारखान्यातला साहेब म्हणाला, गेनाऊ, अगदी बरोबर, नियम आहे ना, मग झालं. लाज घेऊन माणूस दारोदार फिरतोय आणि प्रत्येक जण चहा देऊन त्याला ती परत नेऊ देतोय, असं ते चाललं होतं. मी बरीच पुस्तकं वाचली आहेत. पापाच्या कबुलीवर दोन-तीन धर्मांचे ग्रंथ मला संदर्भासकट सांगता येतात. समोर बसलेल्या माणसाला, हो, तू चुकलास, एवढं म्हणावं हे मला सुचलं नाही.

योनासला गाठावं असं त्याच्या मनात होतं, पण योनास वाल्झवर निघून गेला होता. इथल्या सुतारांची ही जुनी प्रथा. काम शिकून झालं की काळा कॉर्डुरॉयचा पोशाख घालून, गाठोडं घेऊन गावोगाव काम करत हिंडायचं. तीन वर्षं आणि वर एक दिवस घराच्या जवळपासही फिरकायचं नाही. फोन बाळगायचा नाही. अवी त्याच्या आईला भेटून आला. तिने केक दिला आणि सांगितलं, मागचं पत्र आलं तेव्हा तो कुठेतरी म्युनिकच्या बाजूला छपराचं काम करत होता. अवी थांबला. योनास परत आल्याचं कळलं तेव्हा तो त्याच्या गावी जाऊन आला. मी विचारलं, “काय म्हणाला?” अवी म्हणाला, “चांगला मुलगा आहे.”  मी पुढे विचारलं नाही… दोन जूनची जेवणं चालू राहिली. तीन गोष्टी झाल्या की तो ब्रश घ्यायला उठायचा.

आता अंत्यविधीचं. इथे तो लगेच होत नाही; कागद व्हावे लागतात, सभागृहाची वेळ मिळावी लागते, आणि आपली वेळ संपली की पुढचे लोक दाराशी उभे असतात. आमच्या मंडळाला जिवंत माणसाचं काय करावं ते फारसं कळत नाही, मेलेल्याचं मात्र चोख कळतं. हार आला, शाल आली, विजेवर चालणारी समई आली, कारण अग्निसुरक्षेचे नियम. डावीकडे मराठी माणसं, उजवीकडे बेसबॉलची, लग्नात दोन पक्ष बसतात तशी. मंडळाच्या अध्यक्षाबाई मराठीत बोलणार आणि मी वाक्या-वाक्याने जर्मन करणार असं ठरलं. बाई चांगल्या बोलल्या. साहित्य, संस्कृती, सातासमुद्रापार रोवलेला झेंडा, सगळं आलं. मी मनातल्या मनात गुण देत भाषांतर करत होतो. मग त्या म्हणाल्या, “ज्यांचा एकही निर्णय आयुष्यात कधी चुकला नाही, असा हा आदर्श पंच…” आणि माझ्यासाठी थांबल्या.

मला ते वाक्य गिळता आलं असतं. बाईंना कळलंही नसतं. मी त्याचं भाषांतर केलं, आणि नुसतं केलं नाही, तर घडवून केलं. ‘कधी चुकला नाही’ हे मला सपक वाटलं, म्हणून मी ‘उनफेलबार’, म्हणजे ज्याच्या हातून चूक होऊच शकत नाही असा, हा शब्द वापरला. राइनकाठच्या कॅथलिक मुलखात हा शब्द पोपसाठी राखून ठेवलेला असतो. मला तो लयीत बसल्याचा आनंद झाला. माझ्या मित्राची शवपेटी चार हातांच्या अंतरावर होती आणि मला लयीचा आनंद झाला! उजवीकडची बाकं करकरली. तिसऱ्या रांगेत काळा कॉर्डुरॉयचा कोट आणि शिंपल्याच्या गुंड्यांचं जाकीट घातलेला एक दाढीवाला माणूस बसला होता. त्याने अध्यक्षाबाईंकडे बघितलंच नाही, माझ्याकडे बघितलं. गावचा सुतार म्हातारा झाला तरी असल्या प्रसंगी वाल्झचाच पोशाख घालतो. मी ओळखलं. नंतरची वाक्यं मी कशी केली ते मला आठवत नाही.

बाहेर कॉफीबरोबर केक होता आणि मंडळाने केलेले बटाटेवडे. योनास सरळ माझ्याकडे आला.

“तुम्ही म्हणालात ते खरं नाही. मी सेफ होतो.”

“मला माहीत आहे. मी तिथे होतो.”

“मग म्हणालात कशाला?”

 दुभाष्या फक्त दुसऱ्याचं बोलणं सांगतो, हे तोंडाशी आलं होतं, पण ते माझं मलाच पटलं नसतं. तो वड्याची बशी हातात धरून उभा होता. मग खाली बघत म्हणाला, “ते आले होते माझ्याकडे. उभ्याउभ्याच म्हणाले, माझं चुकलं. मी तीन वर्षं रस्त्यावर त्यांना रोज शिव्या दिल्या होत्या. छपरावर खिळा ठोकताना देत होतो. आणि ते दारात आले तेव्हा मी काय म्हणालो? माफ करण्यासारखं काही नाही, टाटझाखेनएंटशायडुंग. सभ्यपणा. ते म्हणाले, हो, बरोबर आहे, आणि गेले. मी खिडकीतून बघत होतो. गाडीत बसून राहिले, लवकर निघालेच नाहीत…” त्याने बशी ठेवली. “मला हाक मारायची होती. मग वाटलं, करू सावकाश.”

मी त्याला दोन जूनचं सांगितलं, आणि नंतर वहिनींना त्याचं.

या वर्षी दोन जूनला काही करायचं नाही असंच आमचं सगळ्यांचं ठरलं होतं, म्हणजे कुणी काही ठरवलं नव्हतं. सकाळी वहिनींचा फोन आला. “भाऊजी, श्पार्गल आणलाय. त्या मुलालाही घेऊन या.” मंडळातलं कुणी नव्हतं. वहिनी, ईरा, योनास आणि मी. योनास कोट घालूनच आला होता. वहिनींनी त्याला तो काढायला लावला. कुटाची भाजी त्याने खाल्ली, श्पार्गलचं काय केलंय हे ओळखायचा प्रयत्न केला आणि पुन्हा मागून घेतली. जेवणं झाली. मग ईरा जर्मनमध्ये म्हणाली, “काका, गोष्टी.” मी तीन सांगितल्या. मला अवीसारख्या येत नाहीत. मी तारखांच्या खरेखोटेपणावर शेरे मारतो. मग चौथीही सांगितली, पंचाने डोळे पुसले तिथपर्यंत.

वहिनी उठल्या. गॅसशेजारच्या खिळ्यावरून त्यांनी ब्रश काढला. ज्यांनी तो टेबलावर कधी खपवून घेतला नाही त्या वहिनींनी टेबलाला पूर्ण वळसा घातला, योनासच्या समोर आल्या, वाकल्या आणि त्याच्या पुढ्यातले कण झाडायला लागल्या. त्यांचं जर्मन माझ्याइतकंच चांगलं आहे. तरी त्या मान वर न करता मला मराठीत म्हणाल्या, “भाऊजी, त्याला सांगा. ह्यांचं चुकलं होतं.”

मी सांगितलं. तेवढंच. एकही शब्द वाढवला नाही.

योनास ब्रशाकडे बघत होता. “हो,” तो म्हणाला. “चुकलं होतं. मी आत होतो. मला फार राग आला होता.”

“काय म्हणाला?” वहिनींनी विचारलं. त्यांना कळलं होतं. तरी मी मराठीत सांगितलं, त्याच्याच शब्दांत, रागासकट. त्यांनी मान डोलावली, झाडलेले कण तळहातावर घेतले आणि ब्रश परत खिळ्याला टांगला.